एक तर जिंकेल, नाहीतर हरेल

मराठी माणसाला गणित अवघड जातं, हा निव्वळ गैरसमज आहे. गणिताची एक शाखा तर त्याला उपजतच येते. मोठ्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कट्ट्यावरच्या कुठल्याही काकांना विचारावं, "काय वाटतं काका, कोण जिंकेल?" उत्तर तयार असतं: "फिफ्टी-फिफ्टी. एक तर जिंकतील, नाहीतर हरतील." पुतण्याची मुलाखत, शेजाऱ्याचा जमिनीचा दावा, उद्या सकाळी नळाला पाणी येईल की नाही, या सगळ्यांवर काका हेच गणित चालवतात. शक्यता दोन, म्हणून प्रत्येकीला निम्मा वाटा. भाऊबंदकीत तीन पिढ्या जे जमत नाही ते संभाव्यतेत एका वाक्यात जमून जातं.

या हिशेबानं उद्या दादरला बर्फ पडण्याची शक्यताही पन्नास टक्के निघते. एक तर पडेल, नाहीतर पडणार नाही. पण इतक्या खोलात कट्टा शिरत नाही.

काकांना हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ते मोठ्या संगतीत आहेत. ज्याँ ल राँ द'आलाँबेर हा अठराव्या शतकातला फ्रेंच गणिती. कंप पावणाऱ्या तारेचं समीकरण मांडलं ते यानं, आणि दिदरोबरोबर फ्रेंच विश्वकोशाचं संपादन केलं तेही यानंच. त्या विश्वकोशाच्या १७५४ सालच्या खंडात त्यानं छापा-काट्यावर एक नोंद लिहिली. प्रश्न साधा होता. नाणं दोनदा उडवायचं. एकदा तरी छापा आला की आपण जिंकलो, नाहीतर समोरचा. मग आपण जिंकण्याची शक्यता किती? निकाल चार प्रकारचे लागू शकतात: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. त्यांतले तीन आपले, म्हणून शक्यता पाऊण. दहावीतला मुलगा हे उत्तर खोडरबर न वापरता लिहील.

द'आलाँबेर म्हणाला, थांबा. पहिल्याच फेकीत छापा आला तर खेळ तिथंच संपला. मग दुसऱ्यांदा नाणं उडवायला कोण बसलंय? म्हणजे प्रकार तीनच: पहिल्यांदाच छापा, आधी काटा, मग छापा, दोन्ही वेळा काटा. तिनांतले दोन आपले, म्हणून शक्यता दोन-तृतीयांश.

हे इतकं बिनतोड वाटतं की क्षणभर दहावीच्या पुस्तकाचाच संशय येतो. पण हे तीन प्रकार एका मापाचे नाहीत. पहिला एकटाच निम्म्या वेळा घडतो आणि उरलेले दोन मिळून उरलेल्या निम्म्या वेळा. द'आलाँबेरनं डोकी मोजली, वजन केलं नाही. काकांची चूक तंतोतंत हीच आहे. फरक इतकाच की काकांच्या नावानं अजून कुठलं समीकरण ओळखलं जात नाही.

खरोखरीचं निम्मं-निम्मं शोधायचं तर नाणेफेकीकडेच जावं लागतं. गल्ली क्रिकेटला नाणंही परवडत नसे, कारण हातात आलेल्या नाण्याची आधीच पेप्सी होऊन गेलेली असे. मग खापरीच्या एका बाजूला थुंकायचं, ती हवेत भिरकवायची आणि विचारायचं, "ओली की सुकी?" आरोग्याच्या दृष्टीनं ही पद्धत अघोरी होती, पण निकालाबद्दल तक्रार करायची सोय कुणालाच नव्हती.

भारतीय क्रिकेट संघाला मात्र या निम्म्या-निम्म्यानं दोन वर्षं रडवलं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात रोहित शर्मा नाणेफेक हरला. त्यानंतर एकदिवसीय सामन्यांत संघ हरतच गेला, म्हणजे नाणेफेक. बोरिवलीत वाढलेल्या या कर्णधारानं स्वतः लागोपाठ बारा हरून १९९८-९९ मधल्या ब्रायन लाराच्या नकोशा विक्रमाशी बरोबरी केली. कर्णधार बदलले, नाणी बदलली, देश बदलले. ३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूरला सलग विसावी नाणेफेक गेली. तीन दिवसांनी विशाखापट्टणमला के. एल. राहुलनं नाणं डाव्या हातानं उडवलं आणि जिंकला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो एरवी शतकानंतर दिसतो.

सलग वीस हरण्याची शक्यता किती? अर्ध्याला अर्ध्यानं वीसदा गुणत जायचं. उत्तर येतं १०,४८,५७६ मध्ये एक. एकोणीस हरून झाल्यावर देशात दोन पक्ष पडले होते. पहिला म्हणे, "आता तरी जिंकणारच, किती दिवस हरतील?" दुसरा म्हणे, "पनवती लागलीय, आता काही खरं नाही." दोघेही छातीठोक बोलत होते आणि दोघेही चूक होते. विसाव्या फेकीतही शक्यता अर्धीच होती. नाण्यावर अशोकस्तंभ असतो, मागच्या एकोणीस निकालांची नोंद नसते.

मग दहा लाखांत एक असली गोष्ट घडलीच कशी? तर मोजायला सुरुवात कधी झाली ते आठवून पाहावं. अहमदाबादच्या आदल्या दिवशी कुणी कागदावर लिहून ठेवलं नव्हतं की उद्यापासून वीस हरणार. दहा-बारा हरल्यावर लोक मागे वळून मोजू लागले. जगात इतके संघ, तीन प्रकारचं क्रिकेट, इतकी वर्षं. त्यात कुणी तरी, कधी तरी, लागोपाठ वीस हरणं किंवा जिंकणं हे तेवढं अचाट राहत नाही. शिवाय या पराभवांनी नेमकं काय बिघडलं, हाही प्रश्नच आहे. २०२५ ची चॅम्पियन्स करंडक स्पर्धा भारतानं पाचही नाणेफेका हरून आणि पाचही सामने जिंकून खिशात घातली. त्याउलट २१ जानेवारी २०२३ रोजी, रायपूरच्याच मैदानावर, रोहितनं न्यूझीलंडविरुद्ध नाणेफेक जिंकली आणि जिंकल्यावर काय घ्यायचं ठरलं होतं तेच तो विसरला. कपाळाला हात लावून काही सेकंद उभा राहिला, मग आठवलं: गोलंदाजी.

आणि नाणं तरी पुरतं निष्पक्ष असतं का? पर्सी डायकोनिस हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. चौदाव्या वर्षी घर सोडून जादूगाराबरोबर फिरलेला हा माणूस पुढे प्राध्यापक झाला, त्यामुळे हातचलाखी त्याला दोन्ही बाजूंनी ठाऊक. त्यानं सहकाऱ्यांबरोबर २००७ मध्ये गणितानं दाखवलं की माणसानं उडवलेलं नाणं ज्या बाजूनं वर गेलं त्याच बाजूनं पडण्याकडे किंचित झुकतं. मग युरोपातल्या संशोधकांच्या एका मोठ्या टोळीनं हे तपासायचं ठरवलं आणि हातानं, प्रत्यक्ष, ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली. ५०.८ टक्के वेळा तीच बाजू पडली. या उद्योगाला २०२४ चं इग नोबेल मिळालं. एकेक रुपया लावून हजार डाव खेळलात तर या ज्ञानातून साधारण सोळा रुपये सुटतील. खांद्याला लावायच्या बामाचा खर्च वेगळा.

फाशाकडे वळलं की निम्मं-निम्मं आणखी पातळ होतं. दोघांनी एकेक फासा टाकायचा, मोठा आकडा जिंकेल. काका म्हणणार, फिफ्टी-फिफ्टी. पण छत्तीस प्रकारांत सहा वेळा दोघांचा आकडा सारखा येतो, उरलेले पंधरा-पंधरा. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४२ टक्के, आणि बाकीचं बरोबरीला. घरी बरोबरी आली की पुन्हा टाकतात. पण जत्रेत फासे घेऊन बसलेला माणूस सहज, बिडी पेटवता पेटवता सांगतो, "बरोबरी झाली तर आपली हां दादा." हे 'आपली' म्हणजे त्याची. झालं, पंधराचे एकवीस झाले. दहा-दहा रुपयांचे छत्तीस डाव झाले की सरासरी साठ रुपये त्याच्या गोणपाटावर राहतात. त्याला छत्तीस प्रकार मांडता येत नसतील; मांडायची गरजही नाही. नियम कुणी केला हे पाहिलं की बरंचसं गणित आपोआप होतं.

आता लुडो. आपल्या पचिशीचा पट इंग्रजांनी उचलला, कवड्या काढून फासा घातला, आल्फ्रेड कॉलियर नावाच्या गृहस्थानं त्याचं पेटंट घेतलं आणि तो खेळ नव्या नावानं आपल्यालाच परत मिळाला. त्यात सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर पडत नाही, आणि घराघरांतली निम्मी भांडणं या एका नियमावर उभी आहेत. दोघे खेळत असतील तर आधी सहा कुणाला पडेल? पुन्हा फिफ्टी-फिफ्टी? पहिल्याला थेट संधी आहे. दुसऱ्याला ती तेव्हाच मिळते, जेव्हा पहिल्याचं दान चुकतं, म्हणजे सहांत पाच वेळा. प्रत्येक फेरीत हेच. म्हणून दोघांच्या शक्यतांचं प्रमाण सहास पाच: अकरांत सहा पहिल्याचे, अकरांत पाच दुसऱ्याचे. "लहान आहे, त्याला आधी टाकू दे" या वाक्यात साडेचार टक्क्यांचं वात्सल्य असतं.

आणि "मलाच मेलं सहा पडत नाही" असं म्हणणाऱ्या आजी? पहिल्या दहा दानांत एकही सहा न पडण्याची शक्यता १६ टक्के आहे, म्हणजे साधारण सहांत एक. चौघं खेळायला बसली तर त्यांच्यापैकी निदान एकाची तरी पहिली दहा दानं सहाशिवाय जाण्याची शक्यता किती निघावी? ५०.६ टक्के. म्हणजे दर दोन डावांत एकदा, कुणी ना कुणी, घरात बसून दैवाला बोल लावणारच. काकांना हवं ते फिफ्टी-फिफ्टी अखेर सापडलं, पण त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

लुडो नशिबाचा की कौशल्याचा, हा वाद २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण मोबाइलवर त्यात पैसे लागू लागले होते. संसदेनं २०२५ च्या कायद्यानं त्या प्रश्नाला वळसाच घातला: खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळायचा नाही. आजींचा लुडो पुठ्ठ्याचा, तो शाबूत आहे.

हा वाद तसा महाभारतातल्या वनपर्वाइतका जुना. भाऊ पुष्करानं फाशांत राज्य जिंकून घेतल्यावर नल राजा ओळख लपवून अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी झाला. एके दिवशी दोघे रथातून विदर्भाकडे, नलाच्या राणीच्या, दमयंतीच्या माहेरी कुंडिनपूरला निघाले. परंपरेनं हे अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर. दुसऱ्या दिवशी तिचं पुन्हा स्वयंवर, वेळ थोडा, घोडे उधळलेले. वाटेत बेहड्याचं झाड दिसलं. ऋतुपर्णानं एक नजर टाकून सांगितलं, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २,०९५ फळं आहेत. नल म्हणाला, मोजल्याशिवाय मी मानणार नाही. राजा घायकुतीला आला, अरे उशीर होतोय! पण नल खाली उतरला आणि त्यानं खरोखर मोजलं. आकडा बरोबर निघाला. मग ऋतुपर्णानं त्याला फाशांचं रहस्य दिलं आणि बदल्यात घोड्यांची विद्या मागितली. बेहड्याच्या बियाच त्या काळी फासे म्हणून वापरत, हे ध्यानात घेतलं तर झाडाची निवड उगाच नव्हती. नमुन्यावरून सगळ्याचा अंदाज बांधणं आणि फाशांत जिंकणं यांचा काही तरी संबंध आहे, हे कथाकाराला ठाऊक होतं. गंमत म्हणजे एवढं ज्ञान झाल्यावर नल पुष्कराशी किती डाव खेळला? एक. एका दानात राज्य परत. ज्याला संभाव्यता खरोखर कळली आहे तो असं करणार नाही, पण कथेपुढं इलाज नाही.

युरोपात या विद्येचा जन्म जिंकण्यातून झाला नाही, मोडलेल्या डावाच्या भांडणातून झाला. दोघांनी सारखी रक्कम लावली, अमुक गुण आधी करेल त्याला सगळी, आणि मध्येच खेळ थांबला. आता पैसे कसे वाटायचे? गल्लीत याचं उत्तर बॅट कुणाची यावर ठरतं. इटलीत लुका पाचोलीनं १४९४ मध्ये पुस्तक लिहून ते ठरवायचा प्रयत्न केला. दुहेरी नोंदीची हिशेबपद्धत ज्यानं छापून प्रसिद्ध केली तोच हा. त्याचं उदाहरण असं: एका फेरीला दहा गुण, साठ गुणांना विजय, आणि खेळ ५०-२० वर थांबला. पाचोली म्हणाला, पाचास दोन या प्रमाणात वाटा. हिशेबनिसाला झालेला व्यवहार दिसतो, व्हायचा राहिलेला दिसत नाही. खरं तर मागे पडलेल्याला आता लागोपाठ चार फेऱ्या जिंकायला हव्यात, आणि दोघे तोडीस तोड असतील तर ती शक्यता सोळांत एक. वाटणी पंधरास एक अशी व्हायला हवी. पाचोलीनं त्याला सातांत दोन देऊन टाकले.

१५५६ मध्ये तार्ताल्या या इटलीतल्याच गणित्यानं पाचोलीला धरलं. या न्यायानं दहा-शून्यवर खेळ थांबला तर सगळी रक्कम एकाला द्यावी लागेल, म्हणजे पहिल्या षटकात एक धाव काढली, पाऊस आला, की करंडक घेऊन घरी! आक्षेप बिनतोड होता. पण स्वतःचं उत्तर धड जमेना, तेव्हा तार्ताल्यानं हात झटकले आणि लिहून ठेवलं की हा प्रश्न गणिताचा कमी आणि न्यायनिवाड्याचा जास्त. कसाही सोडवा, भांडणाला जागा राहणारच.

पुढे शंभर वर्षं जवळपास तसंच राहिलं. मग जुगाराची आवड असलेल्या शव्हालिए द मेरेनं हा प्रश्न पॅरिसमध्ये ब्लेझ पास्कलपुढे ठेवला आणि १६५४ च्या उन्हाळ्यात पास्कलनं तो तुलूझच्या पिएर द फर्माला पत्रानं कळवला. फर्मा व्यवसायानं कोण? तुलूझच्या न्यायालयातला सल्लागार, म्हणजे न्यायाधीशच. तार्ताल्या म्हणाला होता न्यायालयात जा, पास्कल गेला.

२९ जुलैच्या पत्रातलं पास्कलचं उदाहरण आजही वाचावं असं आहे. प्रत्येकानं ३२ सुवर्णनाणी लावली, एकूण ६४. तीन डाव आधी जिंकेल त्याची. खेळ २-१ वर थांबला. पुढे असलेला खेळाडू म्हणू शकतो: "पुढचा डाव मी हरलो तरी २-२ होईल, म्हणजे माझी ३२ कुठंच गेली नाहीत. ती आधी बाजूला काढा. उरलेली ३२ राहिली. ती तुला मिळतील की मला, हे त्या एका डावावर आहे. ती निम्मी-निम्मी." म्हणजे ४८ आणि १६. जुलमाचा शब्द नाही, आवाज चढवणं नाही. आपल्याकडच्या कित्येक वाटणीपत्रांना ही शैली मिळाली असती तर वकिलांच्या दोन पिढ्या उपाशी राहिल्या असत्या.

फर्माची रीत वेगळी. त्यानं सांगितलं, जास्तीत जास्त दोन डाव उरलेत. त्यांचे चार निकाल मांडा. तिनांत पुढचा जिंकतो, एकात मागचा. उत्तर तेच, पाऊण-पाव. पण पॅरिसमधल्या रोबेर्व्हाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं तोंड वाकडं केलं. पुढच्यानं पहिलाच डाव जिंकला तर दुसरा खेळणार कोण? जो डाव होणारच नाही तो मोजायचा कशाला? पास्कलनं फर्माला हा आक्षेप कळवला आणि उत्तरही दिलं: दुसरा डाव खेळा अथवा खेळू नका, त्यानं कुणाच्या वाट्यात तसूभर फरक पडत नाही, मग मोजण्याच्या सोयीसाठी खेळला असं धरायला काय हरकत?

वाचकाला हा आक्षेप ओळखीचा वाटला असेल. एकाला एक डाव हवा, दुसऱ्याला दोन. एकदा तरी छापा आला की आपण जिंकलो. द'आलाँबेरचा प्रश्न हाच होता. उत्तर पत्रात लिहून झालं होतं, तपासून झालं होतं, आणि बरोबर शंभर वर्षांनी युरोपातल्या नावाजलेल्या विश्वकोशात तीच चूक पुन्हा छापून आली. तेव्हा काकांना थोडी सवलत द्यायला हवी.

मोडलेल्या डावाचं हे दुखणं क्रिकेटनं पुढे पावसाच्या रूपात ओढवून घेतलं. १९९२ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस थांबल्यावर नियमानं एक चेंडू उरवला आणि धावा जवळपास तितक्याच ठेवल्या. त्यानंतर डकवर्थ आणि लुईस या दोन संख्याशास्त्रज्ञांची पद्धत आली, १९९७ पासून ती वापरात आहे. ती समजल्याचा दावा करणारे बरेच भेटतात.

निम्म्या-निम्म्याचा आणखी एक फसवा चेहरा टेनिसमध्ये दिसतो. रॉजर फेडररनं २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं की कारकिर्दीतल्या १,५२६ एकेरी सामन्यांपैकी त्यानं जवळपास ८० टक्के जिंकले, पण गुण जिंकले फक्त ५४ टक्के. मुलांनी यातून नम्रतेचा धडा घेतला. गणित पाहिलं तर यात नम्रतेचा भाग थोडा आणि गुणाकाराचा जास्त. सर्व्हिस कुणाची हे क्षणभर विसरून प्रत्येक गुण जिंकण्याची शक्यता ५४ टक्के धरली तर गेम जिंकण्याची होते ६०, सेटची सुमारे ७६ आणि तीन सेटच्या सामन्याची ८६. टेनिसची गुणपद्धत ही थोड्याशा सरस माणसाला खूप सरस दाखवणारी यंत्रणा आहे. सोसायटीच्या कोर्टवर एखादा शेजारी दर रविवारी हरवत असेल तर तो आपल्यापेक्षा फार चांगला खेळतो असं मुळीच नाही. तो दर पंचवीस गुणांत एखाद-दुसरा गुण जास्त मिळवतो. हे ऐकून बरं वाटतं; पुढच्या रविवारी तोच जिंकतो.

शक्यता म्हणजे भविष्य नव्हे, हे मात्र नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला दाखवून दिलं. बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, रेटिंगमध्ये ८० गुणांनी पुढे. रेटिंगच्या सूत्रात हा फरक घातला की दिव्याच्या वाट्याला प्रत्येक डावात सरासरी ०.३९ गुण येतो. पहिले दोन डाव बरोबरीत सुटले, जलद टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली आणि खात्यात ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. ३९ टक्के म्हणजे दहांत जवळजवळ चार. एवढ्या पावसाच्या अंदाजावर पुणेकर छत्री घेऊन निघतो.

नाणं आणि फासा निदान डोकं चालवत नाहीत. 'एकी की बेकी'त समोर माणूस असतो. मुठीत चिंचोके घ्यायचे, दुसऱ्यानं सम की विषम ओळखायचं. डबीत सात चिंचोके आहेत, त्यांतून एक ते सात कितीही उचलता येतात. १, ३, ५, ७ हे चार आकडे एकीचे आणि २, ४, ६ हे तीन बेकीचे. डोळे मिटून चिंचोके उचलले आणि प्रत्येक संच सारखाच संभवनीय धरला तरी १२७ संचांपैकी ६४ एकीचे आणि ६३ बेकीचे. रिकामी मूठ चालत नाही, म्हणून बेकीचा एक प्रकार बुडतो. तेव्हा नवख्याशी खेळताना एकी म्हणावं. पण समोरच्यानंही हे वाचलं असेल तर? एडगर अॅलन पोच्या १८४४ मधल्या एका कथेत असा शाळकरी पोरगा आहे, जो समोरच्याच्या बुद्धीचा अंदाज घेऊन याच खेळात सगळ्यांच्या गोट्या जिंकतो. त्याला नेस्तनाबूत करायचा उपाय जॉन फॉन नॉयमन यांच्या १९२८ च्या प्रमेयातून मिळतो: विचारच करायचा नाही. गुपचूप नाणं उडवायचं आणि ते सांगेल तसे सम किंवा विषम चिंचोके घ्यायचे. मग समोर कितीही हुशार माणूस असो, तो निम्म्याच वेळा जिंकणार. बिनडोकपणा हीच सर्वोत्तम चाल ठरणारे खेळ थोडे आहेत; त्यांतला एक आपण लहानपणीच सोडून दिला.

आता शेवटचा खेळ, आणि हा जरा जपून वाचावा. वॉल्टर पेनी यानं तो १९६९ मध्ये मांडला. दोघांनी छापा-काट्याची तीन-तीनची एकेक जोडणी निवडायची. मग नाणं उडवत राहायचं. ज्याची जोडणी आधी लागोपाठ पडेल तो जिंकला. नाणं सच्चं, आठही जोडण्या सारख्याच संभवनीय. काका म्हणतील... काका काय म्हणतील ते आता सांगायला नको.

समजा मामानं छापा-छापा-छापा निवडलं. भाचा निवडतो काटा-छापा-छापा. पहिल्या तीन फेकी तिन्ही छापा आल्या तर मामा जिंकला, ती शक्यता आठांत एक. पण एकदा का मध्ये काटा आला, की पुढचे तीन छापे लागायच्या आत त्या काट्यानंतरचे दोन छापे लागणारच, आणि तिथंच भाचा जिंकतो. आठांत सात वेळा. बरं, मामानं दुसरं काहीही निवडलं तरी भाच्याकडे तोड असतेच आणि ती निदान तिनांत दोन वेळा जिंकते. कृती सोपी: मामाच्या मधल्या अक्षराचं उलट आधी लिहायचं, त्यापुढं मामाची पहिली दोन अक्षरं जशीच्या तशी. मामाचं छापा-काटा-काटा, तर भाच्याचं छापा-छापा-काटा. सर्वश्रेष्ठ अशी जोडणीच या खेळात नाही. प्रत्येकीला मारणारी दुसरी आहे. म्हणून जो नंतर निवडतो तो जिंकतो.

तेव्हा येत्या दिवाळीत इंजिनिअरिंगला गेलेला एखादा भाचा खिशातून नाणं काढून म्हणाला, "मामा, तुम्ही मोठे, आधी तुम्ही निवडा," तर त्या आदरानं विरघळून जाऊ नका. दहा रुपयांहून जास्त लावू नका, आणि लावायचेच असतील तर आधी त्याला निवडू द्या.